वर्दीची गोधडी : पार्श्वभूमी

आजीच्या लुगड्याची गोधडी आणि आजोबांच्या धोतराचं दुपटं आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फौजेतल्या माणसाची जुनी वर्दी मात्र बराच काळ ट्रंकेतच राहिली. त्याचं एक कारण कापडात आहे. लुगडं धुऊन धुऊन मऊ होतं, धावदोऱ्याची सुई त्यातून सहज जाते. टेरिकॉटची वर्दी वीस वर्षांनीही ताठ असते, चार पदरांत सुई मोडते. म्हणून वर्दीचे तुकडे वरच्या थरालाच लावतात आणि आत जुनं सुती लुगडं घालतात.

१९व्या शतकात ब्रिटिश शिपाई आणि पलटणींचे शिंपी लोकरी वर्दीच्या तुकड्यांच्या रजया शिवत. काही रजया हिंदुस्थानातल्या छावण्यांतही तयार झाल्या. पुढे खाकी आली, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलासाठी हिरवा रंग आला आणि तोच स्वतंत्र भारताच्या फौजेत टिकला.

खरा गुंता अलीकडचा आहे. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी वर्दीत आले होते. त्यानंतर, लोकांनी तसे कपडे वापरू नयेत आणि दुकानदारांनी ते विकू नयेत, असं आवाहन लष्कराने केलं. १५ जानेवारी २०२२ ला नवी ठिपक्यांची लढाऊ वर्दी आली, ती खुल्या बाजारात मिळणार नाही या अटीवरच. तोवर जवान छावणीबाहेरच्या दुकानातून कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडे टाकत. त्याच वर्षी नव्या नक्षीची लष्कराच्या नावावर नोंदणीही झाली. तिचे हक्क दहा वर्षांचे, पुढे आणखी पाच वर्षं वाढवता येणारे. सुरक्षेच्या बाजूने हा निर्णय पटतो. पण छावणीबाहेरच्या शिंप्याचा त्यात फार कमी विचार झाला, असं मला वाटतं.

त्यातूनच घराघरांत धास्ती शिरली, की नवऱ्याच्या वर्दीची गोधडी किंवा उशी केली तर गुन्हा होईल का? 'वर्दीवर बंदी' हा शब्दप्रयोग इथे घात करतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ शिक्षा सांगतं, ती सैनिक नसताना सैनिक असल्याचं भासवण्यासाठी त्याचा पोशाख घालणाऱ्याला. जुन्या दंडविधानातही कलम १४० मध्ये हाच हेतूचा मुद्दा होता. नक्षीची नोंदणीही तसं कापड छापून विकणाऱ्यांना अडवण्यासाठी आहे. वापरून विटलेल्या शर्टाची उशी घरच्या सोफ्यावर ठेवणारी बाई या दोन्हींत कुठेच बसत नाही. तरी हुद्द्याची चिन्हं आणि पलटणीचे बिल्ले आधी उसवून वेगळे ठेवावेत, हे बरं.

बिल्ला काढला तरी खूण उरते. खिशावर पिनेची दोन बारीक भोकं असतात आणि नावपट्टीखाली न विटलेला, मूळच्या रंगाचा चौकोन असतो. जाणत्या शिवणाऱ्या हा चौकोन कापून टाकत नाहीत. तो उशीच्या मधोमध येईल असा कापड बेततात आणि भोकांवर टाका घालत नाहीत.