मुळातच घर म्हणून बांधलेली गाडी, की बसची झालेली घरगाडी?

निपाणी, संकेश्वर, खानापूर, आपल्या बेळगाव भागात कुठेही एखाद्या बंद गोडाऊनच्या मागे किंवा उसाच्या फडाच्या कडेला जुनी लांबलचक गाडी उभी असते. आत झोपायची बाकडी, छोटं सिंक, कपाटं. तिचा इतिहास दोनपैकी एक असतो. एकतर मालकाने नुसता चेसिस (चाकांसकट खालचा सांगाडा) घेऊन बॉडीवाल्याकडून पहिल्या दिवसापासून घर बांधून घेतलेलं असतं, नाहीतर लिलावातली बस घेऊन तिच्या सीटा काढलेल्या असतात. रंग दिल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

फरक कळणं फार गरजेचं आहे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरलेली आणि मूळ रूपात असलेली गाडीच ‘व्हीए’ मालिकेच्या विंटेज नंबरला पात्र धरली जाते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असेल तर नाही. आणि जी गाडी मुळातूनच घर आहे तिची अंतर्गत सजावट म्हणजे मूळ ऐवज. ती उचकटून नवी प्लायवुडची बसवणं हे कायमचं नुकसान आहे.

फर्निचर पाहून काही ठरवू नका. सुतार पंधरा दिवसांत ते बदलतो. सुरुवात जमिनीपासून करा, आणि शक्यतो खालून. बॅटरी (टॉर्च), तारेचा ब्रश, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, टेप आणि खडू एवढं पुरतं.

आतलं रेक्झिन किंवा लिनोलियम एका कोपऱ्यातून उचला. बसच्या फ्लोअरला सीटच्या पायांची भोकं असतात. ती लांबी (पुट्टी) भरून किंवा लाकडी खुंटी ठोकून बुजवलेली असली तरी खालच्या बाजूला सगळं उघडं पडतं: बोल्ट गेला तरी वॉशरची गंजलेली गोल खूण, रुपयाच्या नाण्याएवढी, फळीवर तशीच राहते. प्रत्येक खुणेवर खडूने फुली मारा. मग मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जोड्याजोड्यांनी, सव्वादोन-अडीच फुटांच्या अंतराने फुल्यांची रांग लागली तर ती बसच होती. मुळातून बांधलेल्या घरगाडीत अशी रांग नसते. भोकं पलंगाच्या पायांशी, कपाटाखाली आणि सिंकच्या नळीजवळ एकवटलेली असतात. फ्लोअर अख्खा नवा टाकला असेल तर मात्र ही परीक्षा बाद, मग भिंतींकडे वळा.

बसचे खांब सारख्या अंतरावर असतात, कारण खिडक्या सीटांच्या हिशेबाने असतात. घर बांधणाऱ्याने खिडकी पलंगापाशी, स्वयंपाकापाशी, हवी तिथे ठेवलेली असते, म्हणून खांबही आखूड-लांब अंतरांवर पडतात. बाहेरून बोटाच्या पेराने ठोकत जा. बंद केलेल्या खिडकीचा पत्रा पोकळ वाजतो, आणि त्याच्या कडेचे रिवेट शेजारच्या रांगेशी जुळत नाहीत. आतून कपाटाचा एक खण पूर्ण बाहेर काढा. मागच्या भिंतीला लॅमिनेट लावायचे कष्ट कोणी घेत नाही, तिथे जुन्या सरकत्या काचेची रबरी पट्टी हमखास सापडते. समोरच्या काचेवरची गावाच्या पाटीची पेटी आणि संकटकालीन दाराची चौकट शोधा. पाटीची पेटी बहुतेक वेळा पत्र्याखाली शाबूत असते.

चुंबकाचा उपयोग लांबी शोधायला. चांगल्या लोखंडी पत्र्याला ते घट्ट चिकटतं, जाड लांबीवर निसटतं. मात्र अजिबात चिकटलं नाही तर घाई करू नका: तो अॅल्युमिनियमचा पत्रा असू शकतो, आणि एसटी बस व खासगी घरगाडी दोन्हींना तो वापरला जात होता.

जांबोटी, आंबोलीकडच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीत लाकडी फ्रेमचा तळ आधी जातो. दाराच्या पायरीजवळ स्क्रू-ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. ते सहज अर्धा इंच आत गेलं तर तिथला पत्रा फक्त रंगाच्या जोरावर उभा आहे.

आता चेसिस. बॉडी यू-बोल्ट आणि लाकडी पॅकिंगवर टेकलेली असेल तर जुनी पद्धत समजा. लाँग मेंबरला (चेसिसच्या लांब लोखंडी तुळईला) वेल्डिंग करून काढलेले ब्रॅकेट नंतरचे असतात, आणि तडे तिथूनच सुरू होतात. टाटाच्या बऱ्याच जुन्या मॉडेलच्या नावात तिरक्या रेषेनंतरचा आकडा दोन एक्सलमधलं अंतर सांगतो: ४२ म्हणजे सुमारे ४.२ मीटर. टेपने मोजलेलं त्याहून बरंच जास्त भरलं तर चेसिस कापून लांबवलाय. पुढच्या जाळीवरच्या मर्सिडीझच्या ताऱ्यावर भरवसा नको. टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीझवाली डाइमलर बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ चा, पण नंतरच्या गाडीवरही हौशीने तारा चिकटवलेला असतो. निकाल चेसिस नंबर देतो, तारा नाही.

कागदांत आपल्या भागाची एक खास खूण असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून त्याआधीच्या टीसी बुकावर (गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकावर) मुंबई राज्याचा शिक्का असतो. त्यानंतर म्हैसूर राज्य, आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक. चंदगड तालुका १९५६ साली बेळगावातून कोल्हापुरात गेला, त्यामुळे बेळगावात नोंदलेली गाडी चंदगडमध्ये सापडली तर संशय घेऊ नका. बुकातला ‘बॉडीचा प्रकार’ हा रकाना नीट वाचा. तिथे बस लिहून नंतर बदलाची नोंद नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो बदल अधिकृत नाही, मग आतलं काम कितीही सुबक असो.

दोन्हींत न बसणारी तिसरी गाडीही असते: जुन्या चेसिसवर अलीकडे उभारलेली नवी बॉडी. तिचे स्क्रू पाहा. सगळे चार खाचेचे आणि एकाच चमकीचे असतील, वायरी सगळ्या पीव्हीसीच्या असतील, तर चेसिसचं वय बॉडीला लावू नका. उलट जागोजागी एका खाचेचे, गंजून काळे पडलेले पितळी स्क्रू आणि कापडी वेष्टणाची वायर मिळाली, तर एकही स्क्रू काढण्याआधी सगळ्यांचे फोटो काढा. सौदा ठरला आणि गाडी एमएच-०९ (कोल्हापूर) वरून केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) कडे आणायची असेल, तर फॉर्म २८ वर आधीच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. त्याआधी चेसिस नंबर ब्रशने स्वच्छ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासा आणि उमटलेला नंबर बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.