चेहऱ्याची ओळख

चेहऱ्याची ओळख : समोरची आकृती म्हणजे माणसाचा चेहरा आहे हे जाणणे, तो कोणाचा हे ठरवणे आणि त्यावरचे भाव व नजरेचा रोख वाचणे या मेंदूच्या कामांना मिळून हे नाव दिले जाते. आपल्याला सगळे एका क्षणात, एकदमच झाल्यासारखे वाटते. मेंदूत मात्र ही कामे बऱ्याच अंशी वेगवेगळ्या ठिकाणी चालतात, त्यामुळे एक बिघडूनही दुसरे शाबूत राहू शकते.

सगळ्या चेहऱ्यांची ठेवण एकच असते. वर दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड. माणसामाणसांतला फरक काही मिलिमीटरांचा. म्हणून मेंदू नाक-डोळे सुटे सुटे तपासत बसत नाही, त्यांची मांडणी एकत्र पाहतो. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवले की चित्र उलटे धरले तर घरे किंवा विमाने ओळखणे थोडे कठीण जाते, चेहरे ओळखणे मात्र फारच. १९८० मध्ये पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातले फक्त डोळे आणि तोंड उलटे चिकटवले. ते छायाचित्र डोके खाली करून पाहिले तर काही बिघडलेले जाणवत नाही, सरळ केले की अंगावर काटा येतो.

हे काम मुख्यतः शंखखंडाच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, खालच्या बाजूला, फ्युझिफॉर्म नावाच्या वळीच्या (घडीच्या) एका लहानशा भागात होते आणि बहुतेकांत उजवी बाजू वरचढ असते. नॅन्सी कॅन्विशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये एफएमआरआयच्या, म्हणजे मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे रक्तप्रवाहावरून दाखवणाऱ्या तंत्राच्या, साह्याने हा भाग नेमका दाखवून दिला. भाव, नजर आणि ओठांची हालचाल वाचण्यात शंखखंडाच्या वरच्या खाचेचा वाटा मोठा आहे. चेहरा दिसल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांत डोक्यावरच्या विद्युतअग्रांना त्याची विशिष्ट लहर टिपता येते.

या भागाचा चेहऱ्याशी केवळ योगायोगाने संबंध नाही, याचा सर्वांत बोलका पुरावा २०१२ मध्ये स्टॅनफर्ड येथे मिळाला. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत विद्युतअग्रे बसवलेल्या एका रुग्णाच्या फ्युझिफॉर्म भागाला सौम्य विद्युतप्रवाह दिला, तेव्हा समोर बसलेल्या डॉक्टरांचा चेहरा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला, नाक एका बाजूला ओघळल्यासारखे दिसू लागले. डॉक्टर तेच होते, बदलला तो फक्त चेहरा, असे त्याने सांगितले. प्रवाह थांबताच सगळे पूर्ववत झाले. तरीही हा भाग जन्मतःच चेहऱ्यांसाठी राखीव असतो, की पक्षी किंवा मोटारी बारकाईने पारखणाऱ्यांत तोच भाग त्या कामालाही लागतो, यावर इझाबेल गोतिए आणि कॅन्विशर यांच्या गटांत दीर्घकाळ वाद रंगला. पुढे दिलेल्या रुग्णांकडे पाहता पहिल्या मताचे पारडे जड वाटते.

जर्मन चेतातज्ज्ञ योआखिम बोडामर यांनी १९४७ मध्ये मेंदूच्या दुखापतीनंतर आप्तांचेच काय, आरशातले स्वतःचे तोंडही न ओळखणाऱ्या रुग्णांचे वर्णन करून या व्याधीला प्रोसोपॅग्नोसिया हे नाव दिले. अशा व्यक्तीला नाक, डोळे, सुरकुत्या सगळे दिसते, पण माणूस ओळखू येतो तो आवाजावरून, चालीवरून, फार तर चष्म्यावरून. दुखापत नसतानाही जन्मापासून हा दोष असलेले लोक आहेत. लेखक-डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स त्यांपैकी एक होते. १९९३ मध्ये इंग्लंडमधून नोंदलेल्या एका रुग्णाने पक्षाघातानंतर माणसांचे चेहरे गमावले, पण नंतर पाळलेल्या मेंढ्या तो तोंडावरून ओळखी. कळपातले प्रत्येक जनावर ओळखणाऱ्या आपल्याकडच्या धनगरांना यात अर्धेच आश्चर्य वाटेल. याच्या उलट, कॅनडातला एक रुग्ण वस्तू ओळखू शकत नसे, चेहरे मात्र बिनचूक ओळखी. फळे-भाज्या रचून चेहरे काढणारा इटालियन चित्रकार अर्चिंबोल्दो याच्या चित्रांत त्याला चेहरा चटकन दिसे, भाज्या दिसत नसत.

ओळख पटणे आणि आपलेपणा वाटणे हेही एक नव्हे. काप्ग्रा भ्रमात, ज्याचे वर्णन १९२३ मध्ये झाले, रुग्ण म्हणतो, ‘ही आईसारखीच दिसते, पण आई नव्हे, कोणी तोतया आहे.’ चेहरा ओळखला गेला तरी त्यासोबत उमटणारी भावनिक प्रतिक्रिया उमटत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. चेतातज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांच्या अशा एका रुग्णाला फोनवर आईवडील खरेच वाटत.

नवजात बाळ चेहऱ्यासारख्या मांडणीकडे जास्त वळून पाहते. सहा महिन्यांचे बाळ दोन माकडांच्या चेहऱ्यांतला फरकही ओळखते, नऊ महिन्यांचे होईपर्यंत ते कसब मावळते. रोज दिसतात ते चेहरे पक्के होतात, बाकीचे एकसारखे वाटू लागतात. ‘चिनी सगळे सारखेच दिसतात’ या आपल्याकडच्या शेऱ्यामागचे कारण हेच, आणि तिकडच्यांनाही आपण तसेच दिसत असणार. चेहरा शोधण्याची ही घाई वस्तूंवरही चालते. शेंदूर लावलेल्या तांदळ्यावर चांदीचे डोळे बसवले की दगडाला मुख येते.

सर्वांत कमी लक्षात घेतली जाणारी गोष्ट म्हणजे ओळखीचा आणि अनोळखी चेहरा यांतली तफावत. ओळखीचा माणूस दाढी वाढवून, वीस वर्षांनी, गर्दीत भेटला तरी ओळखू येतो. अनोळखी माणसाची दोन छायाचित्रे एकाचीच आहेत हे ठरवताना मात्र आपली तारांबळ उडते. रॉब जेंकिन्स यांनी २०११ मध्ये दोन डच कलावंतांची वीस-वीस छायाचित्रे ब्रिटिश लोकांना देऊन माणसांप्रमाणे गठ्ठे लावायला सांगितले. सरासरी सात-आठ गठ्ठे झाले. त्या कलावंतांना ओळखणाऱ्या डच लोकांनी सहज दोन लावले. ऑस्ट्रेलियातील पासपोर्ट अधिकारीही २०१४ च्या चाचणीत विद्यार्थ्यांइतकेच चुकले, नोकरीच्या वर्षांचा काही उपयोग झाला नाही. ओळखीच्या चेहऱ्यांच्या अनुभवावरून आपण स्वतःला सगळ्याच चेहऱ्यांचे जाणकार समजतो, ही खरी अडचण.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने घडीभर पाहिलेला आरोपी बहुधा अनोळखीच असतो. भारतीय कायद्यात पोलीस तपासातील ओळख परेड (अनेकांच्या रांगेतून साक्षीदाराने आरोपी ओळखणे) स्वतंत्र पुरावा धरली जात नाही, न्यायालयात पटलेल्या ओळखीला ती केवळ दुजोरा देते. साक्षीदाराने आरोपीला किंवा त्याच्या छायाचित्राला आधी पाहिले असेल तर तो दुजोराही डळमळतो, कारण तेव्हा त्याला घटनास्थळाचा चेहरा आठवतो की वर्तमानपत्रातला, हे सांगता येत नाही. परेड व्हायची असलेल्या आरोपीला न्यायालयात नेताना पोलीस त्याच्या तोंडावर कापड टाकतात ते यासाठीच.