खान्देशातला अबोला कुठून येतो

दोन सख्खे भाऊ एकमेकांशी का बोलत नाहीत, असं खान्देशातल्या कुठल्याही गावात विचारलं तर उत्तर बहुधा लग्नातलं मिळतं. टॉवेल-टोपी दिली नाही, पत्रिकेत नाव खाली छापलं, हळदीचं बोलावणं आलं नाही. ही कारणं खोटी नसतात, पण ती सगळ्यात शेवटची असतात. मागे जात राहिलं की बहुतेक वेळा सातबारा लागतो, आणि त्याच्याही मागे दोनशे वर्षांचा महसुली कारभार.

भाऊबंदकी अर्थातच त्याहून जुनी. वि. का. राजवाड्यांसारख्या इतिहाससंशोधकांनी जमवलेल्या मराठी दप्तरांत (त्यांचा स्वतःचा संग्रह धुळ्यातच आहे) वतनाच्या तंट्यांचे कागद ढिगाने सापडतात. वडीलकी कोणाची, विडा आधी कोणाला, पोळ्याला बैल पुढे कोणाचा. पण हे भांडण दोन घरांपुरतं राहत नसे. गोतसभा, म्हणजे गावातल्या आणि भावकीतल्या लोकांची न्यायसभा बसे, बलुतेदार साक्षीला येत, महजर, म्हणजे निवाड्याचा कागद होई. जिंकणाऱ्याला जयपत्र आणि हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार मान्य असल्याचा कागद लिहून घेतला जाई. न्याय नेहमी चोख होई असं नाही, पण तंट्याला शेवट असे आणि तो अख्ख्या गावाला ठाऊक असे.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत आली. सारा भरण्याची जबाबदारी खातेदाराची, म्हणून कागदावर एक नाव हवं. १८५२ मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात लोकांनी ती अडवली आणि सरकारला फौज आणावी लागली. तो रोष सारा वाढण्याच्या धास्तीचा होता, भाऊबंदकीचा नव्हे. पण मोजणी झाली, शेताला नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले. पुढच्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, भुसावळपर्यंत रेल्वे आली आणि तापीकाठच्या काळ्या जमिनीला कधी नव्हती ती किंमत आली. जमिनीला किंमत आली की वाटणीलाही येते.

पुढचा घोळ जुना सातबारा ज्याने हाताळला आहे त्याला लगेच ओळखता येईल. बाप वारला, भाऊ एकत्र होते, तलाठ्याने थोरल्याचं नाव लावलं आणि पुढे लिहिलं ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. धाकट्यांची नावं लागली तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, नाहीतर लागलीच नाहीत. कोणाला वावगं वाटलं नाही, कारण चूल एक होती. थोरला गेला, वारसनोंदीत त्याच्या मुलांची नावं चढली आणि काकांची पोरं कागदावरून गायब झाली. त्यात फसवणूक किती आणि आळस किती हे सांगणं अवघड. माझ्या मते आळस जास्त. पण फेरफार, म्हणजे नाव बदलल्याच्या नोंदीचा उतारा हातात पडतो त्या दिवशी चुलतभावाला ती फसवणूकच वाटते, आणि तिथून येणंजाणं बंद होतं.

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने वेगळीच गुंतागुंत केली. ठरलेल्या प्रमाणाहून लहान तुकडे पाडायला बंदी आली. हेतू चांगला होता, पण चार भावांनी तीन एकर वाटून घ्यायचं तर करायचं काय? लोकांनी तोंडी वाटणी केली. पंच बसले, दोरी धरली, बांध घातले, कागद तसाच राहिला. आजही खान्देशात कितीतरी शेतं बांधावर चार आणि सातबाऱ्यावर एक आहेत. नांगर हातभर पुढे सरकला की भांडण होतं, आणि दाखवायला नकाशा नसतो.

आता बहिणीबद्दल. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे, की २००५ च्या कायद्याने भाऊ-बहिणीत दुरावा आणला. तो खोडायला हवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मुलगी बापाच्या हिश्शाची वारस झाली होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, २२ जूनपर्यंत लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने सहहिस्सेदार केलं. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने लग्नाची अट न ठेवता तेच केलं. म्हणजे बहिणीची सही लागणं १९५६ पासूनच आहे. ती इतकी मुकाट्याने मिळत गेली की तिची दखल घ्यावी असं कोणाला वाटलं नाही. हक्कसोडपत्रावर सही करायची आणि बदल्यात माहेर टिकवायचं, असा न बोललेला करार होता.

तो करार काय होता ते आखाजीला दिसतं. अक्षय्य तृतीयेला खान्देशातली सासुरवाशीण माहेरी येते. भाऊ किंवा भाचा मुऱ्हाळी म्हणून आणायला जातो, झाडाला झोके बांधतात, गौराई बसते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस होतो, पितरांच्या नावाने घागर भरतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं सालही याच दिवशी फिरतं, म्हणजे शेतीचा हिशेब आणि लेकीचं येणं एकाच तिथीला. हिस्सा मागितलेल्या बहिणीकडे मुऱ्हाळी जात नाही. कोणी तिला ‘येऊ नको’ म्हणत नाही, नुसतं आणायला जात नाहीत. भांडण झालं नाही असं दोन्हीकडचे लोक छातीठोकपणे सांगतात, ते यामुळेच.

११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात सांगितलं, की २००५ मध्ये बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो. त्याच निकालात तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य होणार नाही, त्याला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागेल, असंही म्हटलं. तुकडेबंदीला वळसा घालून केलेल्या वाटण्यांवर जिथे दोन पिढ्या चालल्या, तिथे हा निकाल काय करतो ते वेगळं सांगायला नको.

अंतर मात्र कधीकधी नातं राखतं. तापी खोऱ्यातून सुरतेला जाणारा रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास झाला. पुढे कापडाच्या कारखान्यांनी खान्देशी माणूस सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत नेला. सुरतेतला भाऊ श्रावणात कानबाई या कुलदेवीच्या सणाला गावी येतो, तिच्या प्रसादाचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात म्हणून एका पंगतीला बसतो आणि परत जातो. बांधावर रोज तोंड बघावं लागत नाही, त्यामुळे बोलणं टिकतं. त्याच्या मुलांचं तसं नाही. त्यांचं कोणाशी वाकडं नसतं, पण चुलतभावांची नावंही सांगता येत नाहीत.

सरकारनेही यात हात घातला आहे. २००७ मध्ये दोन गोष्टी आल्या: १५ ऑगस्टला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम, आणि त्याच वर्षी केंद्राचा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा, ज्याखाली आई-बाप मुलाविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. जानेवारी २०२३ मध्ये राज्याची सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात किमान १२ वर्षं असेल, तर एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून अदलाबदल करता येते. त्यासाठी दोघांची संमती लागते, आणि दस्त नोंदवायला दोघांना एकाच टेबलासमोर उभं राहावं लागतं.