माळावरचं मढं आता कोण उचलणार?

‘गिधाडासारखा टपून बसलाय’ असं आपण सहज बोलून जातो. गावाची घाण पिढ्यान् पिढ्या फुकट साफ करणाऱ्या पक्ष्याच्या वाट्याला ही शिवी यावी, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ढोर मेलं की ते ओढत नेऊन माळावर टाकायचं, एवढंच शेतकऱ्याचं काम असे. पुढचं गिधाडं बघत. त्यांच्या जठरातलं आम्ल इतकं जहाल, की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच मरतात.

१९९०च्या दशकात भरतपूरला पक्षितज्ज्ञ विभू प्रकाश यांना मान टाकून बसलेली आणि झाडाखाली मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. आधी संशय साथीच्या रोगाचा होता. खरं कारण पाकिस्तानातल्या संशोधनातून २००४ साली उलगडलं. ते होतं डायक्लोफेनॅक, गुरांना सर्रास टोचलं जाणारं वेदनाशामक. ते दिलेलं जनावर लगेच मेलं, तर औषध मांसात उरतं. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर चढतो. शंभरात एखादं मढं असं असलं तरी पुरे, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो. त्यात मादी वर्षाला एकच अंडं घालते. २००७पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात एक उरली होती.

मढी मात्र पडतच राहिली. त्यांवर भटकी कुत्री पोसली, रेबीजचा धोका वाढला, सडकं मांस पाण्यात गेलं. अनंत सुदर्शन आणि इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये हिशेब मांडला: गिधाडं नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे पाच लाख जास्तीची माणसं दगावली. मुंबईत पारशी समाज आपले मृतदेह गिधाडांसाठी ज्या दोखम्यांत, म्हणजे उघड्या मनोऱ्यांत ठेवतो, तिथे सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या. म्हणून २०१५मध्ये त्या तीन मिलिलिटरवर आणल्या. अ‍ॅसिक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक तर गाईच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं. त्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. इतका उशीर मला अक्षम्य वाटतो, कारण मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न मारणारं औषध किती तरी आधीपासून हाताशी होतं. गोठ्यातलं जनावर आजारी पडलं आणि डॉक्टर वेदनाशामक टोचायला निघाले, तर मेलॉक्सिकॅमच मागून घ्या.