मांजराचे वावडे व त्यावरील औषधे

मांजराच्या सान्निध्यात शिंका येणे, नाक गळणे, डोळे खाजणे, अंगावर गांधी उठणे, क्वचित दम लागणे ही मांजराच्या वावड्याची म्हणजे ॲलर्जीची लक्षणे. ॲलर्जी हा शब्द ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला. बोलीत 'मांजर सोसत नाही' एवढेच म्हणतात.

त्रासाचे खापर केसांवर फुटते, पण मूळ कारण लाळेतले व त्वचेच्या तैलग्रंथींतले 'फेल डी १' हे प्रथिन होय. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे कण उडतात. त्यांपैकी ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण तासन्‌तास हवेत राहतात. मांजराला या प्रथिनाचा उपयोग काय, याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते ते गंधसंकेताशी निगडित आहे, तर काहींच्या मते त्वचेच्या रक्षणाशी. खच्ची न केलेल्या बोक्यात ते अधिक असते, हे पाहता पहिले मत अधिक संभाव्य वाटते. बालपणीच्या सहवासाने वावडे वाढते की सहनशक्ती येते, हाही वाद आहे. २००१ च्या सुमारास पुढे आलेल्या अभ्यासांनी दुसऱ्या मताला काहीसे बळ दिले. मात्र त्यावरून सर्वांना लागू पडेल असा नियम सांगता येत नाही.

विदर्भातील खेड्यांत तुरीच्या, ज्वारीच्या कट्ट्यांना (पोत्यांना) उंदीर लागतात, म्हणून मांजर घरात हवेच असते. ते हाकलले तरी प्रथिन गोधड्यांत कित्येक महिने टिकते. शिवाय हंगामात खोलीभर कापूस रचलेला असतो आणि मांजर नेमके त्याच ढिगावर निजते. मग शिंका कोणामुळे, हे घरच्यांना उमगत नाही. कापसाची व मळणीची धूळ, गाजरगवत यांनीही तसाच त्रास होतो. त्वचाचाचणीने निदानास मदत होते. मात्र त्यापूर्वी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात.

शिंका व खाज यांवर सेटिरिझिन (प्रौढांस दिवसाला १० मिग्रॅ.) किंवा लेव्होसेटिरिझिन (५ मिग्रॅ.) देतात. जुन्या क्लोरफेनिरामिनने गुंगी येते. ते घेऊन मोटारसायकल चालवणे धोक्याचे. चोंदलेल्या नाकाला गोळीपेक्षा स्टेरॉइडचा नाकातील फवारा गुणकारी. पण त्याचा पूर्ण गुण यायला नेमाने काही दिवस, कधी आठवडे लागतात, आणि लोक दोनच दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून बाटली कोनाड्यात ठेवतात. दम्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने श्वासावाटे औषध घेतात. 'पंपाची सवय लागते' ही समजूत निराधार आहे. कागदाच्या पुडीतील बिननावाच्या गोळ्यांनी चटकन आराम पडला, तर त्यांत पोटात घ्यायचे स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तातील साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. दमा व ॲलर्जीसाठी दिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्ट या औषधावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये मनोविकारविषयक ठळक इशारा छापायला लावला.

अल्प मात्रेत तेच प्रथिन टोचून सहनशक्ती वाढवण्याचा उपचार साधारण ३ ते ५ वर्षे चालतो. दर टोचणीनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते.