विसंगती-समन्वय (चित्रपटमालिकांतील)

चित्रपटमालिकेचे मूळ भाग आधी निघाले आणि त्यांच्याही पूर्वीचा काळ सांगणारे भाग मागाहून आले, की दोहोंतील तपशील जागोजाग जुळेनासे होतात. हे न जुळणारे तपशील चाहत्यांनी कथेच्या चौकटीत राहूनच जुळवून दाखवणे, याला विसंगती-समन्वय म्हणता येईल. चूक लेखकाच्या हातून झाली आहे हे चाहता पुरते जाणून असतो; तरी दोन्ही विधाने प्रमाण मानून त्यांची एकवाक्यता साधायची, एवढी एक अट तो स्वतःवर घालून घेतो. निर्मात्यानेच नवा तपशील घालून जुन्याचा अर्थ फिरवला, तर त्याला ‘रेटकॉन’ म्हणतात.

या खटाटोपाचे सर्वांत सुपीक रान म्हणजे जॉर्ज ल्यूकस यांची ‘स्टार वॉर्स’ मालिका. तिचे मूळ तीन चित्रपट १९७७, १९८० आणि १९८३ साली आले, तर पूर्वकथेचे तीन १९९९, २००२ आणि २००५ साली. १९८३च्या चित्रपटात नायिका लिया आपला जुळा भाऊ ल्यूक याला आईबद्दल सांगते, की ती फार सुंदर, मायाळू, पण उदास होती. २००५च्या चित्रपटात मात्र तिची आई पद्मे जुळ्यांना जन्म देताच प्राण सोडते. ‘फोर्स’ या शक्तीमुळे लियाला जन्मक्षणीच्या प्रतिमा जाणवतात, असे काही चाहते म्हणतात. ती पालक आईविषयी बोलते आहे, असे इतर काहींचे म्हणणे. यातले दुसरे स्पष्टीकरण लंगडे पडते, कारण ल्यूकने प्रश्न विचारतानाच ‘खरी आई’ असे म्हटलेले आहे. मूळ चित्रपटांत वृद्ध योडाला आपला गुरू म्हणणारा योद्धा ओबी-वान पूर्वकथेत क्वाय-गॉन जिनचा शिष्य निघतो, ही अडचण त्या मानाने सोपी आहे. २००२च्या चित्रपटात योडा लहान मुलांच्या वर्गाला शिकवताना दिसतो, तेव्हा बाळपणीचा गुरू एक आणि पुढचा दुसरा, अशी वाटणी सहज करता येते.

सर्वांत सुबक समन्वय मात्र आर-टू-डी-टू या यंत्रमानवाचा आहे. १९७७च्या चित्रपटात ओबी-वान त्याला ओळख देत नाही. पूर्वकथेत दोघांनी तर अनेक संकटे एकत्र पाहिलेली आहेत. चाहते त्या संवादातल्या नेमक्या शब्दाकडे बोट दाखवतात : ओबी-वान म्हणतो, की आपल्या मालकीचा यंत्रमानव असल्याचे आठवत नाही, आणि तो आधी राणीच्या, म्हणजे पद्मेच्या, पदरी व मग तिचा पती अनाकिन याच्याकडे होता, ओबी-वानचा कधीच नव्हता. बाहेरून काहीही न आणता, केवळ मूळ शब्द बारकाईने वाचून निघालेले हे उत्तर आहे, आणि चांगल्या समन्वयाची पारख याच कसोटीवर व्हावी.

नाशिकच्या वाचकाला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. रावणाने सीतेला जिथून नेले असे परंपरा मानते ती पंचवटी इथलीच, आणि काळाराम मंदिराजवळची सीतागुंफा आजही भाविक वाकून, सरपटत पाहतात. राक्षसाने सीतेला स्पर्श केला, ही वाल्मीकींच्या कथेतली गोष्ट पुढच्या भक्तांना सोसेना. तेव्हा अध्यात्मरामायणाने आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसाने असे सांगितले, की खरी सीता आधीच अग्नीच्या स्वाधीन झाली होती आणि हरण झाले ते छायासीतेचे. त्यामुळे लंकेनंतरचे अग्निदिव्य ही परीक्षा न राहता ठेव परत घेण्याचा प्रसंग ठरतो. घटना तीच राहते, फक्त तिच्यामागचे कारण बदलते. २०१६च्या ‘रोग वन’ या चित्रपटाने हेच केले. ‘डेथ स्टार’सारखे अजस्र अस्त्र एका लहानशा छिद्रामुळे कसे उद्ध्वस्त होते, या जुन्या थट्टेला त्याने उत्तर दिले, की ते वैगुण्य एका अभियंत्याने मुद्दामच ठेवले होते.

त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी हे हनुमंताचे जन्मस्थान मानले जाते. हंपीजवळची अंजनाद्री आणि तिरुमला यांचाही तसाच दावा आहे. अशा पेचांवर पुराणिकांचे जुने उत्तर ‘कल्पभेद’ हे आहे : एका कल्पात असे घडले, दुसऱ्यात तसे. ‘रेटकॉन’पेक्षा हा शब्द अधिक उदार आहे, कारण तो कोणालाच खोटे पाडत नाही. ल्यूकसफिल्मने २०१४ साली तोवरच्या बहुतेक कादंबऱ्या आणि चित्रकथा अधिकृत कथेतून ‘लेजंड्स’ या नावाखाली वेगळ्या काढल्या, तोही एक कल्पभेदच म्हणावा लागेल. याउलट पूर्वकथा मुळी मोजायच्याच नाहीत असे म्हणणारे चाहते, संहिता-चिकित्सक ज्याला ‘प्रक्षिप्त’ (मागाहून घुसडलेले) म्हणतात, त्या वर्गात तीन अख्खे चित्रपट ढकलतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली होती. या चाहत्यांचे काम बहुधा रागावर भागते.

काही गाठी सुटल्यासारख्या वाटतात, पण पुऱ्या सुटत नाहीत. ल्यूकला बापापासून, म्हणजे खलनायक व्हेडर बनलेल्या अनाकिनपासून, लपवायचे, तर बापाच्याच ग्रहावर, सावत्र काकाच्या घरी, तेही ‘स्कायवॉकर’ हे आडनाव न बदलता का ठेवले? चाहत्यांचे उत्तर असे, की पद्मेची अंत्ययात्रा ती गरोदरच आहे असे भासवून काढली गेली, म्हणून मूल तिच्याबरोबर गेले असेच व्हेडर समजून होता. शिवाय जिथे त्याची आई त्याच्या हातांत मेली, त्या ग्रहाकडे तो आपण होऊन फिरकणार नव्हता. आडनावाबद्दल मात्र या उत्तरात एक शब्दही नाही.