आपल्याविषयी आपणच लिहावे का? विकिपीडियावरील एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कोणाचे हितसंबंध कुठे गुंतलेत, हा प्रश्न विकिपीडियाला बाहेरच्यांनी विचारण्याआधी घरातच उभा राहिला. संस्थापक जिमी वेल्स यांनी स्वतःवरच्या लेखात १८ वेळा फेरफार केल्याची बातमी डिसेंबर २००५ मध्ये तंत्रज्ञानविषयक बातम्या देणाऱ्या 'वायर्ड'ने दिली. लॅरी सँगर हे सहसंस्थापक असल्याचा उल्लेख त्यांनी त्यातून काढून टाकला होता. ही माहिती कोणी आतून फोडली नव्हती. लेखातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या 'इतिहास' पानावर ती सगळ्यांसमोर पडून होती. असे करायला नको होते, हे वेल्स यांनीही नंतर मान्य केले.

१५ जानेवारी २००१ ला विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा या प्रश्नाची कोणाला फारशी फिकीर नव्हती. त्रास होता तो हौशी मंडळींचा. पहिला कार्यक्रमही न झालेले संगीतचमू, एकही पुस्तक न छापलेले लेखक स्वतःवर लेख लिहून मोकळे होत. त्यामुळे पहिले नियम आत्मप्रौढीला आवर घालणारे होते. २००६ मध्ये त्यांची जागा हितसंबंधांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी घेतली. ज्या विषयात तुमचा पैसा, नोकरी किंवा नातेगोते गुंतले आहे, त्या विषयाच्या लेखाला हात लावू नका, असा त्यांचा मथितार्थ. पण ही सूचना होती, बंदी नव्हती. आणि समोरचा कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर बंदी तरी कोणावर घालणार?

त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य मार्टी मीहान यांच्या कार्यालयाने त्यांच्यावरचा लेख काढून तिथे घरचाच मजकूर चिकटवल्याचे उघड झाले. चारच कार्यकाळ पदावर राहण्याचे आश्वासन मीहान यांनी दिले होते आणि पुढे मोडले होते. नेमका तोच उल्लेख या खटाटोपात गायब झाला. इतर कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांचे उद्योगही मग बाहेर आले.

खरा धुरळा उडाला ऑगस्ट २००७ मध्ये. व्हर्जिल ग्रिफिथ या तरुण संशोधकाने 'विकिस्कॅनर' नावाचे साधन तयार केले. खाते न उघडता संपादन केले की तेव्हा नावाच्या जागी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा ओळखक्रमांक, नोंदला जाई. ग्रिफिथने अशी ३ कोटी ४० लाखांहून अधिक संपादने गोळा केली आणि कोणता पत्ता कोणत्या संस्थेचा, याच्या नोंदींशी त्यांची सांगड घातली. मतदानयंत्रे बनवणाऱ्या डायबोल्ड कंपनीच्या लेखाचेच पाहा. नोव्हेंबर २००५ मध्ये त्यातले १५ परिच्छेद, म्हणजे यंत्रांवरच्या टीकेचा अख्खा विभाग, कंपनीच्याच पत्त्यावरून उडवला गेला होता. दुसऱ्या एका सदस्याने तो लगेच परत आणला आणि मजकूर काढू नका, अशी समजही दिली. समोरचा कोण आहे, याची त्या सदस्याला बहुधा कल्पनाही नसावी. नावडत्या संस्थांची थोडी पंचाईत करावी, हा आपला हेतू ग्रिफिथने लपवला नाही. सीआयए आणि व्हॅटिकनच्या पत्त्यांवरूनही संपादने झाल्याचे निघाल्यावर आठवडाभर वृत्तपत्रांची चंगळ झाली.

या प्रकरणातून कंपन्यांच्या प्रसिद्धी विभागांनी घेतलेला धडा मात्र वेगळाच होता. खाते उघडून संपादन केले की आयपी पत्ता दिसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! विकिस्कॅनरसारख्या साधनांत सापडत राहिले ते बहुतेक अनभिज्ञ किंवा आळशी. धूर्त लोक पडद्याआड गेले.

जाण्याला कारणही होते. गुगलवर काहीही शोधा, विकिपीडिया पहिल्या दोन-चार निकालांत. २०१२ पासून तर लेखातल्या ओळी गुगल आपल्याच पानावर चौकटीत दाखवू लागले. ही जागा पैसे मोजून विकत मिळत नाही, आणि म्हणूनच ती मिळवून देण्याचा धंदा उभा राहिला. लेख लिहून देऊ, टीका सौम्य करू, पानावर लक्ष ठेवू, अशी सेवा देणाऱ्या कंपन्या निघाल्या. डिसेंबर २०११ मध्ये बेल पॉटिंजर या बड्या ब्रिटिश जनसंपर्क कंपनीची खाती पकडली गेली आणि ब्रिटनमधल्या जनसंपर्क व्यावसायिकांच्या संस्थेला पुढच्या वर्षी आचारसंहितेसारख्या सूचना काढाव्या लागल्या. वेल्स यांनी मांडलेली लक्ष्मणरेषा याच काळातली: पैसे घेऊन कोणाची बाजू मांडणाऱ्याने लेखाला हात लावू नये, लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर विनंती करावी आणि बदल करायचा की नाही हे इतरांना ठरवू द्यावे.

ऐकायला हे रास्त आहे. पण चर्चा पानावरच्या विनंत्या स्वयंसेवकांच्या सवडीने निकाली निघतात आणि कंपनीच्या पत्रकाची भाषा सुधारत बसण्याची हौस फार थोड्यांना असते. ज्याच्याविषयी लेख आहे त्याची बाजू खरी असली, तरी अडचण असतेच. सप्टेंबर २०१२ मध्ये कादंबरीकार फिलिप रॉथ यांनी 'द न्यूयॉर्कर'मध्ये विकिपीडियाला उद्देशून खुले पत्र लिहिले. त्यांच्या एका कादंबरीतले पात्र कोणावरून सुचले, याविषयी लेखातली माहिती चुकीची असल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी ती दुरुस्त करायला सांगितली, तेव्हा लेखकाचा शब्द पुरेसा नाही, दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कोणी प्रसिद्ध केलेला आधार द्या, असे उत्तर मिळाले. हसू येते, पण तत्त्व एकच आहे. संबंधित माणसाच्या तोंडी शब्दावर लेख बदलायचे ठरवले, तर डायबोल्डलाही तीच मुभा द्यावी लागते.

२०१३ मध्ये विकी-पीआर या कंपनीशी संबंधित असल्याच्या संशयावरून अडीचशेहून अधिक खाती बंद करण्यात आली आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने कंपनीला वकिलाची नोटीस धाडली. जून २०१४ मध्ये वापराच्या अटीच बदलल्या. मोबदला घेऊन संपादन करत असाल, तर पैसे कोण देतो आणि काम कोणासाठी चालले आहे, हे जाहीर करा. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. हितसंबंध नसावेत हा आग्रह मागे पडला आणि ते लपवू नयेत, हा पुढे आला. लपवाछपवी निदान सिद्ध करता येते. कोणाच्या मनातला हेतू कसा सिद्ध करणार? जर्मन आवृत्तीचा कल आधीपासूनच उघडपणाकडे होता. तिथे कंपन्या स्वतःच्या नावाने पडताळणी केलेली खाती ठेवू शकतात. जर्मनीतल्याच म्युनिकच्या उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विकिपीडियातला छुपा प्रचार ही अनुचित स्पर्धा ठरवली होती.

जाहीर करण्याची अट पाळतो तो मुळातच प्रामाणिक असतो, ही तिची उघड मर्यादा. सव्वा वर्षातच, ऑगस्ट २०१५ च्या अखेरीस, 'ऑरेंजमूडी' नावाने ओळखले गेलेले जाळे सापडले. ३८१ खाती बंद झाली, २०० हून अधिक लेख काढले गेले. ही मंडळी नामंजूर झालेले मसुदे हेरत, संबंधित छोट्या व्यावसायिकाला किंवा कलाकाराला गाठत आणि पैसे घेऊन लेख प्रसिद्ध करत. पुढे तोच लेख टिकवून ठेवण्यासाठी हप्ता मागत! संपादनाचा धंदा इथे थेट खंडणीवर आला होता.

या तुलनेत एप्रिल २०१७ मधला बर्गर किंगचा प्रकार विनोदीच म्हणायचा. जाहिरातीतला माणूस 'व्हॉपर' बर्गर म्हणजे काय, असे गुगलला विचारी आणि घराघरांतली, बोललेल्या आज्ञेवर चालणारी गुगलची उपकरणे जागी होऊन विकिपीडियाची पहिली ओळ वाचून दाखवत. ती ओळ काही दिवस आधी जाहिरातीला शोभेल अशी बदलून ठेवलेली होती. लोकांनी मग त्या बर्गरमध्ये सायनाइडही घातले, अर्थात लेखापुरतेच, आणि काही तासांत गुगलने तो प्रतिसाद बंद केला.

एक गाठ अजून सुटलेली नाही. टोपणनावाने लिहिण्याचा हक्क विकिपीडियाने जपला आहे. कोणाची खरी ओळख त्याच्या मर्जीविरुद्ध उघड करणे हा तिथे छळ समजला जातो. त्यामुळे अमुक खाते तमुक कंपनीच्या नोकराचे आहे, याचा बाहेर मिळालेला पुरावा चर्चा पानावर मांडला, तर मांडणाऱ्यावरच कारवाई होऊ शकते. इंग्रजी आवृत्तीत असा पुरावा आता विश्वासातल्या मोजक्या सदस्यांकडे खासगी ईमेलने पाठवला जातो. खाते बंद झालेले सगळ्यांना दिसते, पण कशाच्या आधारे ते बंद झाले, हे कळते त्या मोजक्यांनाच.